दुधाच्या भाजीचं आडनाव

बाप गेला तेव्हा नुमेरियसच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यानं जे प्रताप केले त्यावरून कुणालाही शंका येईल. पण डोळे पुसता पुसता त्याच्या मनात दुसरा एक विचार आला, तोही तितकाच खरा होता. निवडणूक तोंडावर आलीय, आणि आता सगळ्या गावासमोर उभं राहून बापाचं पूर्ण नाव मोठ्यानं घ्यावं लागणार.

नाव होतं औलस ओफिलियस लाक्तूका. औलस ठीक, ओफिलियस ठीक. अडचण शेपटाची. लाक्तूका म्हणजे ती पानांची भाजी, तुमच्याकडे हल्ली जिला लेट्यूस म्हणतात ती. आमच्या बोलीत ‘लाक’ म्हणजे दूध. देठ मोडला की पांढरा चीक टपकतो, म्हणून लाक्तूका, दुधाची भाजी. तसं आमच्यात भाजीपाल्याचं आडनाव असणं नवीन नाही. हरभरा, मसूर आणि वाल यांची नावं लावणारी घराणी रोममध्ये मोठमोठ्या खुर्च्या उबवून गेली. पण कडधान्याला वजन असतं, ते कोठारात राहतं. पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकते, तिला कोण विचारतो?

फाब्राना आमचं डोंगरावरचं लहानसं गाव. खाली ओढ्याकाठी औलसचा मळा. म्हातारा रोज सकाळी एक गड्डा उपटायचा, देठ मोडायचा, चीक जिभेला लावायचा आणि ‘कडू नाही’ म्हणून पाटी डोक्यावर घ्यायचा. मुलानं मात्र मळ्यात पाय ठेवणं कधीच सोडलं होतं. त्यानं कपडे धुवायचा कारखाना काढला आणि पैसा केला. आता धुण्याला काय लागतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. नाक्यानाक्यावर मडकी ठेवायची, येणारे-जाणारे त्यात लघवी करतात, ती गोळा करून कपडे त्यात तुडवायचे. तर गावभरच्या मुतावर श्रीमंत झालेला हा माणूस भाजीला लाजत होता. माणसाचं डोकं कसं चालतं, देव जाणे.

एकदा त्यानं बापाला सांगितलं होतं, “बाबा, पाटी घेऊन येता ना, तेव्हा मागच्या दारानं येत जा. पुढे भेटायला लोक बसलेले असतात.”

“बरं,” म्हातारा म्हणाला. त्यानंतर तो मागच्याच दारानं आला. सून सेप्तुमिया त्याला चुलीपाशी बसवून वाडगाभर पेज द्यायची, आणि तो खाऊन तिथूनच परत जायचा.

नुमेरियस उभा होता बाजाराच्या अधिकारी-पदाला. समोर उभा होता धान्याचा व्यापारी व्हेत्तिदियस, आवाज मोठा आणि जीभ त्याहून मोठी. भरल्या न्हाणीघरात, सगळे उघडेबंब बसलेले असताना, तो म्हणाला होता, “काय लाक्तूका, खऱ्या आईचं दूध प्यायला असशील तर माझ्यासमोर टिकून दाखव. का तू पाल्याच्या चिकावरच वाढलायस?”

लोक खो-खो हसले. नुमेरियसही हसल्यासारखं करून उठला. कारण त्याची आई त्याला जन्म देतानाच गेली होती. तो कुणाचं दूध प्यायला हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. लहानपणी बापाला विचारलं तर बाप म्हणाला होता, “मिळालं कुठून तरी. जगलास ना?” दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या भिंतीवर कुणीतरी उमेदवारासारखा पांढरा टोगा नेसवलेला लाक्तूकाचा गड्डा रंगवला. खाली काही लिहायची गरजच पडली नाही.

अशात बाप गेला. उमेदवारीचा खडू चोळलेला पांढराशुभ्र झगा उतरवून नुमेरियसनं काळा नेसला आणि मनाशी ठरवलं, की या मयतातच नावाचा कलंक धुऊन टाकायचा. शेवटी धंदाच धुण्याचा.

आमच्याकडे मोठ्या माणसाची प्रेतयात्रा कशी निघते? पुढे पावेवाले, मग भाड्याच्या रडणाऱ्या बाया, मग मेणाचे मुखवटे घातलेले पूर्वज, मग खाट. आणि खाटेच्या मागे सोंगाड्या. मेलेल्याचे कपडे घालून, त्याचा मुखवटा चढवून, तो मेलेल्यासारखाच चालतो, बोलतो, खोकतो, त्याच्या खोडी काढतो. म्हणजे माणूस स्वतःच्या मयताला स्वतः हजर. त्या दिवशी सोंगाड्याचं तोंड कुणी धरायचं नसतं, प्रत्यक्ष मुलानंही नाही. मग चौकात खाट ठेवतात आणि मुलगा ओट्यावर चढून बापाचे आणि पूर्वजांचे गुण गातो.

पूर्वजच नव्हते ही पहिली पंचाईत. त्यासाठी नुमेरियसनं लिकॉनला बोलावलं. हा ग्रीक पंडित बड्या घरांना वंशावळी करून द्यायचा.

“‘लाक’ म्हणजे दूध,” लिकॉन म्हणाला. “तुम्ही भाजीकडे बघता म्हणून फसता. भाजीच्या आधी दूध होतं. आता रोमच्या इतिहासात दूध कुठे येतं?”

“लांडगीचं,” नुमेरियस म्हणाला.

“लांडगीचं. नदीकाठी दोन बाळं, पुढे रोम वसवणारी, आणि लांडगी त्यांना पाजतेय. समजा तिथे तिसरंही बाळ होतं.”

सेप्तुमिया कोपऱ्यात लोकर पिंजत बसली होती. “तिसरं होतं तर शहराला त्याचं नाव का नाही पडलं?”

“ते जरा बाजूला होतं.”

“लांडगीच्या लक्षात आलं नसेल.”

लिकॉननं घसा साफ केला. “बरं, मग असं करू. लांडगी शिकारीला जायची की नाही? तेवढ्या वेळात बाळांना कोण बघायचं? आपला पूर्वज. शेळी घेऊन यायचा. दुधाचा पुरवठा करणारा, म्हणून लाक्तूका.”

“म्हणजे गवळी,” सेप्तुमिया म्हणाली.

“राष्ट्राचा गवळी,” लिकॉन म्हणाला.

नुमेरियसचा चेहरा फुलला. राष्ट्राचा गवळी. यावर व्हेत्तिदियस काय बोलणार होता? लिकॉन पुढे म्हणाला, की लोकांना डोळ्यांनी दिसलं की पटतं, तेव्हा पूर्वजाबरोबर खरी शेळीच चालवा. पूर्वजाचा मुखवटाही मिळाला. नाटकवाल्यांकडे एक जुना राजा पडून होता, त्याचं टवका उडालेलं नाक मेण लावून सारखं केलं आणि तो कारखान्यातल्या गड्याला चढवला.

“अहो,” सेप्तुमिया निजताना म्हणाली, “मामंजींना कधी विचारलं नाहीत का, त्यांना हे नाव कसं पडलं ते? आजोबांचं तर हे आडनाव नव्हतं म्हणे.”

“विचारलं होतं. म्हणाले, दूध निघतं ना, म्हणून.”

“भाजीतून?”

“मग आणखी कशातून?” असं म्हणून त्यानं कूस बदलली.

राहता राहिला सोंगाड्या. गावात एकच होता, गुत्ता. नुमेरियसच्याच वयाचा, काटकुळा, हवं तसं वळणाऱ्या तोंडाचा आणि बड्याबड्यांना अरे-तुरे करणारा.

“हे बघ,” नुमेरियसनं त्याला बजावलं, “बाबांना भारदस्त दाखवायचं. संथ चालणं, मोजकं बोलणं. भाजी नको. पाटी नको. ते देठ मोडून चीक चाटणं तर अजिबात नको. एक पानसुद्धा दिसता कामा नये.”

“माझ्या हातून एक पान यायचं नाही,” गुत्ता म्हणाला. “शब्द देतो. पण एवढं सांग, सोंग कुणाचं करू? तुझ्या मनातल्या बापाचं, का जो होता त्याचं?”

“जो होता त्याचंच. पण भारदस्त.”

“तो होताच भारदस्त,” गुत्ता म्हणाला. “तुला काय ठाऊक.”

नुमेरियसला हे बोलणं आवडलं नाही. पण दुसरा सोंगाड्या रोमहून आणायला वेळ नव्हता.

मयताच्या दिवशी पुढचं दार सताड उघडलं. कित्येक वर्षांत म्हातारा त्या दारातून पहिल्यांदाच गेला, तोही पाय पुढे करून. हे नुमेरियसच्या मनात उंबरठ्यावरच आलं.

गर्दी त्याला वाटली होती त्याहून कितीतरी जास्त जमली. बडी माणसं थोडी, पण खालच्या आळीतल्या म्हाताऱ्या झुंडीनं आलेल्या. भटारखान्यातली, विणकरणी, न्हाणीघरात सरपण टाकणाऱ्याची विधवा. आणि प्रत्येकीच्या ओच्यात लाक्तूकाचा एकेक गड्डा. चौकात खाट टेकली, तशी एकेक पुढे आली आणि गड्डा खाटेवर ठेवून मागे सरली. बघता बघता म्हातारा छातीपर्यंत भाजीत बुडाला.

नुमेरियसला एकच सुचलं. व्हेत्तिदियसचंच काम हे, दुसऱ्या कुणाचं असणार? गावातल्या भुक्कड म्हाताऱ्यांना भाजी वाटून पाठवलंय, माझी टर उडवायला. व्हेत्तिदियस समोरच उभा होता, आपल्या आईचा हात धरून. आईचं नाव ओर्बिया, वाकलेली पण ठणठणीत बाई. तिच्याही हातात गड्डा होता. म्हणजे पुरावाच मिळाला.

त्यानं गुत्ताकडे रागानं बघितलं. गुत्तानं दोन्ही रिकामे तळवे दाखवले.

आता माघार कशी घेणार? नुमेरियस ओट्यावर चढला आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. नदी आली, बाळं आली, लांडगी शिकारीला गेली. “आणि त्या वेळी,” तो हात उंचावून म्हणाला, “त्या भुकेल्या बाळांकडे धावून कोण गेलं?”

धावून गेली शेळी. एवढी ताजी भाजी नाकासमोर असताना ती बिचारी तरी किती धीर धरणार? तिनं दोरीला हिसडा दिला, पुढचे पाय खाटेवर टेकले आणि म्हाताऱ्याच्या छातीवरचा गड्डा कराकरा खायला लागली. पूर्वज तिची शेपूट धरून ओढायला गेला, त्यात मुखवटा सरकला आणि मेणाचं नाक गळून पडलं.

“अरे, हा तर मडकी गोळा करणारा,” कुणीतरी ओरडलं.

“पूर्वजांनी काय, मिळेल ते दूध गोळा केलं असेल,” व्हेत्तिदियस म्हणाला, आणि सगळा चौक हास्यानं फुटला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नुमेरियस ओट्यावर हात उंचावलेला तसाच उभा. धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं त्याला वाटत होतं. निवडणूक गेली. ती गेली तर गेली, पण बापाच्या मयतात बापाचं हसं झालं आणि ते आपण केलं, हे त्याला जास्त लागलं.

तेव्हा गुत्ता पुढे आला.

आधी तो म्हातारा होऊन आला. तेच फेंगडं चालणं, मान किंचित डावीकडे, पाटीचं ओझं वर्षानुवर्षं वाहिल्यासारखी. शेळीपाशी गेला, तिच्या तोंडातला अर्धा गड्डा हळूच काढून घेतला, देठ मोडला, चीक जिभेला लावला. “कडू नाही,” तो औलसच्या आवाजात म्हणाला. “खाऊ दे तिला.” लोक पुन्हा हसले, पण आता हसण्यात विष नव्हतं.

मग त्यानं एक केलं. म्हाताऱ्याचा मुखवटा काढून खाटेच्या उशाशी ठेवला आणि पाठ सरळ केली. बघता बघता तो विशी-बाविशीचा झाला. खांद्यावरची शाल त्यानं गुंडाळली, गुंडाळी छातीशी धरली आणि झोके द्यायला लागला. गुंडाळी रडायला लागली. रडत होता गुत्ताच, पण तान्ह्या मुलाचं ते भुकेलं, तुटक, घसा बसलेलं रडणं ऐकून पुढच्या बायकांच्या छातीत कळ उठली असणार. एका काखेत रडणारं मूल आणि दुसऱ्या हातात खाटेवरून उचललेला गड्डा, असा तो भटारखान्यातल्या म्हातारीपुढे जाऊन उभा राहिला.

“ताई,” तो म्हणाला, “दोन घोट उरलेत का? याची आई गेली काल. फुकट नको मला. ही भाजी ठेवा. दूध वाढतं म्हणतात हिनं.”

म्हातारीनं दोन्ही हात पुढे केले. “आण इकडे. किती रडवशील लेकराला?” तिनं गुंडाळी पदराखाली घेतली, थोपटली आणि परत दिली. तिचे डोळे गळत होते.

गुत्ता पुढच्या बाईपुढे गेला. मग तिच्या पुढच्या. “ताई, दोन घोट.” “वहिनी, तुमच्या छकुलीचं झालं की.” प्रत्येकीला खाटेवरचा एक गड्डा, प्रत्येकीच्या पदराखाली गुंडाळी. मागून कुणीतरी सुरात हाक दिली, एखादी जुनी सवय जागी व्हावी तशी, “लाक्तूका आला गं.” आणि चौकातल्या म्हाताऱ्या एकामागून एक म्हणायला लागल्या, “लाक्तूका आला गं, लाक्तूका आला.”

नुमेरियसचा उंचावलेला हात कधी खाली आला, त्याला कळलं नाही. गुंडाळीत कोण आहे, हे मात्र त्याला कळलं होतं.

शेवटी गुत्ता ओर्बियापुढे थांबला. तिनं मुलाच्या हातातून आपला हात सोडवला, गुंडाळी घेतली आणि ओट्याकडे तोंड केलं.

“सगळ्यांत जास्त मी पाजलंय याला,” ती म्हणाली. “एका बाजूला माझा हा, दुसऱ्या बाजूला तो. माझाच जास्त रडका होता.” मग ती व्हेत्तिदियसकडे वळली. “आणि तू रे सोन्या, भर न्हाणीघरात विचारतोस म्हणे, खऱ्या आईचं दूध प्यायलास का? प्यायलाय तो. तुझ्याच आईचं. उभा राहा आता समोर.”

व्हेत्तिदियसचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्याच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच झालं असेल.

“माझ्याही आईनं पाजलंय,” गुत्ता शाल झटकत म्हणाला. “माझ्या वाटणीतलं. म्हणून मी असा काटकुळा.”

नुमेरियस ओट्यावरून उतरला. “मला कुणी सांगितलं का नाही?” त्यानं ओर्बियाला विचारलं.

“तुझ्या बापानं शपथ घातली होती सगळ्यांना,” ओर्बिया म्हणाली. “म्हणाला, पोराला प्रत्येक दारापुढून मान खाली घालून जावं लागेल, ते नको. मान खाली जाऊ नये म्हणाला. ती इतकी वर जाईल, हे त्या बिचाऱ्याला तरी काय ठाऊक?”

नुमेरियस खाटेपाशी गेला. शेळी पोट भरून खाटेला टेकून झोपली होती. लाक्तूकानं गुंगी येते म्हणतात ते खोटं नाही. तिला न उठवता तो कडेला वाकून उभा राहिला. लिकॉननं लिहून दिलेलं भाषण अजून अर्धं शिल्लक होतं, रोमचे तीन राजे यायचे होते. तो एवढंच म्हणाला, “माझ्या बापाचं नाव औलस ओफिलियस लाक्तूका.” मग त्याला रडू आवरेना, आणि भाड्याच्या बाया आपलं काम विसरून त्याच्याकडे बघत राहिल्या.

निवडणुकीत तो निवडून आला, थोडक्यात. व्हेत्तिदियसनं स्वतःचं मत कुणाला दिलं, ते मी सांगणार नाही. पण त्याची आई त्याला मतपेटीपर्यंत सोडायला गेली होती आणि तो बाहेर आल्यावर तिनं त्याचा गाल कुरवाळला, हे अख्ख्या गावानं बघितलं. भिंतीवरचा टोगावाला गड्डा पुसायला रंगारी आला, तेव्हा नुमेरियसनं त्याला तो पुसू दिला नाही. एवढंच सांगितलं, की पानं जरा हिरवी कर, असली मेलेली पानं बाबांनी विकली नसती.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी, उजाडायच्या सुमाराला, तो मळ्यात गेला. बापानं पेरलेले शेवटचे वाफे उभे होते. त्यानं गड्डे उपटले, पाटीत भरले आणि पाटी डोक्यावर घेतली. मान लगेच डावीकडे झुकली. ती सरळ ठेवायचा प्रयत्न त्यानं केला, पण ओझंच तसं होतं. ओर्बियाच्या घराला वळसा घालून तो मागच्या दाराशी गेला आणि कडी वाजवली.

व्हेत्तिदियसनं दार उघडलं, केस विस्कटलेले, अंगात रात्रीचा सदरा. त्यानं आधी पाटी बघितली, मग माणूस. “पुढचं दार आहे की रे,” तो ओशाळून म्हणाला.

“हे बरं आहे,” नुमेरियस म्हणाला.

“कोण आलंय रे?” आतून ओर्बियाचा आवाज आला.

व्हेत्तिदियस बाजूला झाला. पूर्ण नाव सांगावं असं नुमेरियसच्या मनात होतं, अगदी कुळासकट. पण घशातून एकच शब्द निघाला.

“लाक्तूका.”

आत काठी वाजली आणि म्हातारी दारात आली. “उशीर केलास,” ती म्हणाली. “तुझा बाप यापेक्षा लवकर यायचा. आणि या वयात ही भाजी खाऊन मला काय आता दूध यायचंय?”

“झोप तरी येईल, आई,” तो म्हणाला.

तिनं पाटीतला एक गड्डा उचलला, देठ मोडला आणि पांढरा थेंब जिभेला लावला. “कडू नाही,” ती म्हणाली, आणि त्याला आत घेऊन पेज ठेवायला चुलीकडे गेली.